एक खेळ, दोन यंत्रं : तालमीच्या माडीवरच्या प्रकल्पाच्या नोंदी

९ जून २०२४

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या तालमीच्या माडीवरचा हॉल दिवाळीच्या सुट्टीत मिळणार, हे आज पक्कं झालं. अध्यक्षांची एकच अट आहे : खाली पोरं व्यायाम करत असताना वर आवाज बंद. मान्य.

कल्पना एकदा नीट लिहून ठेवतो. पार्लरमध्ये नाणं टाकून खेळायचा खेळ आणि त्याचीच टीव्हीला जोडून घरी खेळायची आवृत्ती, अशा जोड्या शेजारी शेजारी मांडायच्या. येणाऱ्यानं आधी डावीकडं पार्लरचा खेळायचा आणि लगेच उजवीकडं घरचा. मध्ये पाटी : काय गळलं, काय बदललं, कशामुळं. प्रवेश फुकट. नाणं नाही, टोकन नाही.

घरच्या आवृत्तीला लोक सरसकट 'नक्कल' म्हणतात, ते मला पटत नाही. पार्लरच्या यंत्रातला बोर्ड बहुतेक वेळा एका खेळाच्या गरजा बघूनच बनवलेला असायचा. त्याला लागतील तेवढ्या चिपा त्यात घालता यायच्या. घरच्या कन्सोलला मात्र स्वस्तातल्या त्याच त्या चिपांवर शेकडो खेळ चालवायचे असत. म्हणजे पार्लरचा खेळ तिथं जसाच्या तसा बसणं शक्यच नव्हतं. कुणीतरी तो खेळ मन लावून खेळायचा, त्याची नस कुठं आहे ते ओळखायचा आणि कोऱ्या पानापासून तो पुन्हा लिहायचा. त्या लिहिण्यातली बुद्धी लोकांना हातानं जाणवली पाहिजे. नुसतं सांगून ती कळत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

भाचा मदतीला आहे. पॉलिटेक्निकला दुसऱ्या वर्षाला आहे, सोल्डरिंगला हात चांगला बसलाय.

१६ जून

पहिली जोडी 'स्पेस इन्व्हेडर्स'. टायटो या जपानी कंपनीचा खेळ, १९७८ चा, तोमोहिरो निशिकादो यांनी केलेला. १९८० मध्ये रिक मॉरर यांनी तो अटारी २६०० या घरच्या कन्सोलसाठी लिहिला. पार्लरचा गाजलेला खेळ रीतसर परवाना घेऊन घरच्या कन्सोलवर आणायची सुरुवात इथून झाली. पार्लरच्या बाजूसाठी टायटोचा निन्टेन्डोच्या स्विच या कन्सोलवर मिळणारा संग्रह आहे. खरी अटारी कुठं मिळेना, त्यामुळं घरची बाजू लॅपटॉपवर स्टेला या इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्रासारखं वागणाऱ्या प्रोग्राममध्ये.

पार्लरमध्ये ५५ शत्रू आहेत, ११ च्या ५ ओळी. अटारीवर ३६, म्हणजे ६ च्या ६ ओळी. हा सहाचा आकडा आला कुठून, यावर आज आमची दुपार गेली आणि ती सार्थकी लागली.

अटारी २६०० मध्ये रॅम १२८ बाइट. किलोबाइट नव्हे, बाइट. या नोंदीचा पहिला परिच्छेदसुद्धा त्यात मावणार नाही. पडद्याचं चित्र साठवून ठेवायला जागाच नाही, त्यामुळं टीव्हीचा किरण एकेक आडवी रेघ काढत जातो तेव्हा त्याच वेगानं प्रोग्रामनं चित्राच्या चिपला सांगत जायचं : या रेघेत हे दाखव, आता पुढच्या रेघेत ते. एका रेघेला प्रोसेसरचे ७६ ठोके मिळतात, तेवढ्यात जमवायचं. त्या चिपकडं हलत्या आकृत्या दोनच, शिवाय दोन गोळ्या आणि एक चेंडू. पण तिच्यात एक सोय आहे. एकच आकृती एका रेघेत तीनदा उमटवता येते. दोन आकृत्या, प्रत्येकीच्या तीन प्रती, झाले सहा. मॉरर यांनी चिपला झेपेल तेवढी पूर्ण फौज उभी केली आहे. ३६ हा आकडा कमतरतेचा नाही, यंत्र पूर्ण पिळून काढल्याचा आहे.

दुसरी गोष्ट वेगाची. पार्लरमध्ये शत्रू कमी होत जातात तशी उरलेल्यांची चाल वाढते आणि शेवटचा एक तर पळतच सुटतो. हे यंत्राच्या स्वभावातून आलं. २ मेगाहर्ट्झचा इंटेल ८०८० प्रोसेसर एका फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्राला, एकच शत्रू पुढं सरकवतो. ५५ असतील तर पूर्ण फौज एकदा हलायला ५५ फ्रेम, पाच असतील तर पाच. अटारीवर आकृतीच्या प्रती एकदमच हलतात, त्यामुळं तिथं हा परिणाम आपोआप मिळत नाही, वेग मुद्दाम वाढवावा लागतो. मॉरर यांनी तो वाढवला. खेळाची धडधड त्या वेगात आहे, हे त्यांनी अचूक ओळखलं. पाटीवर हे ठळक यायला हवं.

२३ जून

टिंबर मार्केटमधून १८ मिमी प्लाय आणलं. मिस्त्रींनी दोन कॅबिनेटचे काप काढून दिले. सनमाईका काळाच घ्यायचा, पडद्याभोवती दुसरा रंग डोळ्यांत येतो.

३० जून

दुसरी जोडी 'पॅक-मॅन'. पार्लरसाठी हॅम्स्टर कंपनीच्या आर्केड आर्काइव्हज मालिकेतली आवृत्ती स्विचवर घेतली आहे. तिच्यात चित्र आडवं फिरवता येतं, म्हणून मॉनिटर उभा बसवला. पार्लरचा पॅक-मॅन उभ्या पडद्यावरचाच : २२४ बाय २८८ ठिपके.

उभा पडदा हीच घरी आणतानाची पहिली अडचण. चक्रव्यूह २८ चौकोन रुंद आणि ३१ चौकोन उंच आहे. एक चौकोन आठ ठिपक्यांचा धरला तर उंची २४८ होते आणि फॅमिकॉमचा, म्हणजे निन्टेन्डोच्या घरच्या कन्सोलचा, पडदा २४० वरच संपतो. गुणांची जागा अजून धरलेलीच नाही. म्हणून मूळ खेळाच्या नामको कंपनीनं १९८४ च्या फॅमिकॉम आवृत्तीत चक्रव्यूह आवळून घेतला आणि गुण उजव्या बाजूला नेऊन ठेवले. आपल्याकडच्या कॅसेटींमध्ये पॅक-मॅन असाच दिसायचा. पार्लरमध्ये कधी न गेलेल्यांना उजवीकडचे गुण हाच मूळ अवतार वाटतो.

अटारी २६०० चा पॅक-मॅनही मांडणार आहे, कारण त्याच्यावर चाळीस वर्षं टीका होत आली आहे. टॉड फ्राय यांनी तो लिहिला, १९८२ मध्ये विक्रीला आला आणि ७० लाखांच्या आसपास खपला. भुतं लुकलुकतात, बोगदे डाव्या-उजव्या बाजूंऐवजी वर-खाली गेलेत, फळाच्या जागी चौकोन आहे. पण आकृत्या दोनच आहेत, हे ध्यानात घेऊन बघा. एक पॅक-मॅनला दिली, उरलेली एक चार भुतांत वाटायची. प्रत्येक भूत चार फ्रेमांतून एकदाच दिसतं. स्टेलामध्ये एकेक फ्रेम पुढं सरकवून पाहिलं : खरोखर एका वेळी एकच भूत पडद्यावर. वर अटारी कंपनीनं कार्ट्रिज (खेळाची कॅसेट) दिलं ४ किलोबाइटचं, कारण मोठी चिप महाग. लगोलग आलेल्या 'मिस पॅक-मॅन'ला ८ किलोबाइट मिळाले, आणि आकृती पडद्यावर वर-खाली वेगवेगळ्या उंचीला पुन्हा वापरायची युक्ती वापरल्यामुळं लुकलुक फक्त भुतं एका पातळीवर आली तरच होते. कन्सोल तोच. जागा आणि सवड दिली की काय होतं, ते या दोन खेळांत शेजारी शेजारी दिसतं. फ्राय यांना दोष देणाऱ्यांनी दोन्ही खेळून मग बोलावं.

७ जुलै

जॉयस्टिक. बाजारात मिळणारी आठ दिशांची असते. पॅक-मॅन आणि 'डाँकी काँग' चार दिशांचे. आठ दिशांच्या दांड्यावर वळणाशी बोट जरा तिरकं गेलं की दोन स्विच एकदम दाबले जातात, वळण हुकतं आणि भूत गाठतं. खेळणाऱ्याला वाटतं आपलंच चुकलं. पार्लरच्या मूळ यंत्रांत दांड्याखाली चौकट असायची, ती तिरकं जाऊच द्यायची नाही.

ती चौकट शिवाजी उद्यमनगरात करून घेतली. ऑइल इंजिनाचे सुटे भाग करणारं वर्कशॉप आहे, मालक ओळखीचे. नायलॉनच्या पत्र्यात मधोमध चौकोन, पण कोपऱ्यावर उभा, म्हणजे दांडा चार टोकांतच बसतो. त्यांनी चित्र हातात घेतलं, दांड्याचा व्यास व्हर्नियरनं मोजला आणि म्हणाले, "कोपऱ्याला रेडियस द्यायला पायजे, न्हाईतर दांडा अडकून बसतोय." कागदावर ते मी दिलं नव्हतं आणि त्यांनी या खेळाचं तोंडसुद्धा कधी पाहिलेलं नाही. इंजिनात रोज काय घासतंय, काय अडकतंय हे बघणारा माणूस जॉयस्टिकला बरोबर हात घालतो. चौकट बसवल्यावर पॅक-मॅन लोण्यासारखा वळायला लागला.

घरच्या बाजूला याच प्रश्नाचं दुसरं उत्तर आहे. निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी १९८२ मध्ये 'डाँकी काँग'च्या हातात मावणाऱ्या गेम अँड वॉच यंत्रासाठी अधिक चिन्हाच्या आकाराचं बटण केलं. दांडा नाही, फक्त अंगठा. तेच पुढं फॅमिकॉमच्या कंट्रोलरवर आलं आणि तिथून जगभर गेलं. म्हणजे पार्लरचा खेळ लहान करताना जे सुचलं, ते मुळाहून जास्त टिकलं. यासाठी वेगळी पाटी.

२१ जुलै

पाऊस थांबायचं नाव नाही. प्लाय माडीवर नेऊन प्लास्टिकमध्ये गुंडाळलं.

लक्ष्मीपुरीतल्या टीव्ही दुरुस्तीच्या काकांकडं २१ इंची पिक्चर ट्यूबवाला टीव्ही मिळाला. पाल (आपल्याकडची) आणि एनटीएससी (जपानकडची) या दोन्ही पद्धतींचं चित्र घेतो, एव्ही सॉकेट समोरच. रंग एका कोपऱ्यात जांभळे झाले होते, काकांनी ट्यूबचं चुंबकत्व घालवणारी डिगॉसिंग कॉइल फिरवून जागेवर आणले. "दहा वर्षं काय होत न्हाई याला, फकस्त आदळू नगंस," म्हणाले. पैसे घेताना, तालमीत पोरांना काय दाखवणार ते नीट विचारून घेतलं आणि घेतलेल्यातले निम्मे परत दिले.

ट्यूबच का, हे भाच्याच्या मित्रांनाही समजावून द्यावं लागतं. बंदुकीचा खेळ हे सगळ्यांत स्पष्ट उदाहरण आहे. 'डक हंट'मध्ये घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. बंदुकीच्या नळीतला सेन्सर तो उजेड दिसला का, एवढंच बघतो. चपटा टीव्ही चित्र तयार करून दाखवायला वेळ घेतो, तोवर खेळानं 'नेम हुकला' असं ठरवलेलं असतं. ट्यूबवर सिग्नल आला की त्याच वेळी उजेड. हे खेळ लिहिणाऱ्यांनी ट्यूब धरूनच लिहिलेत.

४ ऑगस्ट

आत्याच्या माळ्यावरचा जुना कन्सोल उघडला. फॅमिकॉमची बिगरपरवाना प्रत, नव्वदीत घरोघरी असायची तसली. ६० पिनांची कॅसेट, तीही वळचणीला होती. पॉवर देताच टीव्हीवर आडव्या लाटा. मोठा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर फुगला होता, तो आणि व्होल्टेज स्थिर ठेवणारा ७८०५ रेग्युलेटर बदलला. कॅसेटच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसल्या. फुंकर मारायची नाही अशी हॉलमध्ये सूचनाच लावणार आहे, तोंडातल्या ओलाव्यानं तांबं खराब होतं. चालू झाला.

आत चिप झाकून टाकणारा डांबरासारखा काळा ठिपका नव्हता, सुट्या चिपा निघाल्या. तैवानच्या यूएमसी कंपनीच्या यूए६५२७पी आणि यूए६५३८, आणि शेजारी २६.६०१७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, यंत्राचा ताल ठरवणारा. हे तीन आकडे वाचले आणि प्रकल्पाचा अर्धा भाग माझ्यासाठी बदलला.

जपानचा फॅमिकॉम २१.४७७ मेगाहर्ट्झवर चालतो आणि सेकंदाला ६० फ्रेम दाखवतो. आपल्या टीव्हीचं प्रसारण पाल पद्धतीचं, त्यावर कन्सोलला सेकंदाला ५० फ्रेम दाखवाव्या लागतात. म्हणून या चिपा बनवणाऱ्यांनी पडद्याच्या रेघा २६२ वरून ३१२ केल्या. खेळ तर फ्रेम मोजूनच चालतात : एका फ्रेमला मारिओ इतके ठिपके पुढं, इतक्या फ्रेमांनी 'डाँकी काँग'मधलं पिंप खाली. फ्रेम सेकंदाला ५० झाल्या की सगळा खेळ सहाव्या हिश्शानं हळू. प्रोसेसरचा वेग मात्र त्यांनी जवळपास मुळाइतका राखला, १.७७ मेगाहर्ट्झ, मुळात १.७९. म्हणून स्वरांची पट्टी एका टक्क्याहूनही कमी उतरते, पण संगीताची लय संथ होते. युरोपात निन्टेन्डोनं स्वतः विकलेल्या कन्सोलमध्ये प्रोसेसर १.६६ वर आणला होता. म्हणजे तिकडचं यंत्र वेगळं आणि आपल्याकडचं आणखी वेगळं.

इंटरनेटवर कोणी 'काँट्रा' हा गोळीबाराचा खेळ खेळताना दाखवतो तेव्हा संगीत घाईत वाजतंय असं का वाटतं, त्याचं कारण या क्रिस्टलवर छापलेलं आहे. कोल्हापुरात, सांगलीत, इचलकरंजीत असल्या यंत्रांवर वाढलेल्या पोरांच्या कानात बसलेली लय ती संथ लय आहे.

११ ऑगस्ट

मोजून पाहिलं. 'डाँकी काँग'मध्ये बोनसचे आकडे ठरावीक फ्रेमांनी उतरतात. एकीकडं स्विचवरची निन्टेन्डोची फॅमिकॉम आवृत्ती, दुसरीकडं आत्याचा कन्सोल, आणि भाच्याच्या मोबाइलवर दोन्ही पडद्यांचं संथ चित्रण. तिकडं जे ५० सेकंदांत उतरतं, त्याला इकडं ६० लागतात. हिशोबाला हिशोब जुळला.

यावरून दोघांत वाद झाला. भाच्याचं म्हणणं, "मामा, मग हा खेळ चुकीचा चालतोय. ६० चा दाखवू, हा नको." मला ते मान्य नाही. 'डाँकी काँग'मधली मारिओची उडी ५० वरही तितकीच उंच, तितकीच लांब. ठिपक्यांत काहीच फरक नाही. फरक पडतो तो आपल्याला विचार करायला मिळणाऱ्या वेळात. पिंप येताना दिसतं आणि अंगठा हलवायला श्वासभर जास्त मिळतो. या संथ खेळावर इथली पोरं शिकली, जिंकली, शेजारच्या गल्लीशी पैजा लावून खेळली. आपल्या भागातली घरची आवृत्ती हीच आहे. कुठल्या परदेशी संग्रहालयात ती मिळणार नाही. ती इथंच जपायला पाहिजे, आणि ती जपायची तर ५० वरच.

ठरलं असं : दोन्ही दाखवायचे. एकाच ट्यूबला स्विच लावायचा, एका बाजूला ६०, दुसऱ्या बाजूला ५०. भाच्यानंच तो सुचवला आणि संध्याकाळपर्यंत जोडूनही टाकला.

२५ ऑगस्ट

डाँकी काँगची पाटी. निन्टेन्डो, १९८१, शिगेरू मियामोतो. फॅमिकॉम १५ जुलै १९८३ ला जपानात आला तेव्हा त्याच्यासोबत तीन खेळ होते : 'डाँकी काँग', 'डाँकी काँग ज्युनियर' आणि 'पपाय'. तिन्ही पार्लरचे. मासायुकी उएमुरा यांनी तो कन्सोल घडवतानाच पार्लरचे खेळ घरी नीट चालावेत हे डोळ्यांसमोर ठेवलं होतं, आणि ते कळतं. एका रेघेत आठ आकृत्या, पडद्यावर चौसष्ट. अटारीच्या दोन आकृत्यांवरून सहाच वर्षांत इथवर.

तरीही एक अख्खा टप्पा गळला. पार्लरमध्ये चार पडदे आहेत : २५, ५०, ७५ आणि १०० मीटर. घरी ५० मीटरचा नाही, सिमेंटच्या घमेल्यांचे सरकते पट्टे असलेला. सुरुवातीला काँग हा गोरिला शिड्या चढून वर जातो आणि उड्या मारून गर्डर वाकवतो, तो देखावाही नाही. कार्ट्रिजमध्ये १६ किलोबाइट प्रोग्राम आणि ८ किलोबाइट चित्रं, एकूण २४. बसलं ते ठेवलं. निन्टेन्डोनं तो टप्पा परत घातलेली आवृत्ती २०१० मध्ये युरोपातल्या लाल रंगाच्या वी कन्सोलवर दिली, म्हणजे सत्तावीस वर्षांनी.

मला यात गळलेल्यापेक्षा राखलेलं जास्त मोलाचं वाटतं. पिंप शिडीपाशी येतं आणि कधी खाली वळतं, कधी सरळ जातं. ती धाकधूक घरी पूर्ण आहे. हातोडा हातात असताना शिडी चढता येत नाही, तेही आहे. पार्लरचा खेळाडू घरी बसला तर पहिल्या मिनिटात ओळख पटते.

७ सप्टेंबर

गणपती बसले. हॉलमध्ये मंडळाचं सामान आहे, कॅबिनेट भिंतीकडं तोंड करून ठेवलीत. विसर्जनानंतर पुढचं काम.

२२ सप्टेंबर

'काँट्रा'. कोनामी, पार्लरमध्ये १९८७, घरी १९८८. कोनामीच्या २०१९ च्या संग्रहात दोन्ही आवृत्त्या आहेत, त्यामुळं ही जोडी लावायला सोपी गेली.

आतापर्यंतच्या जोड्यांत घरची बाजू ओढाताण करून उभी होती. इथं चित्र उलटं आहे. पार्लरचा काँट्रा उभ्या पडद्यावर चालतो. पळायचं आडवं आणि पडदा उभा, त्यामुळं समोरून येणारा शिपाई फार उशिरा दिसतो. घरी पडदा आडवा, पुढचं रान लांबवर दिसतं, उडी हलकी, गोळ्यांची दिशा बोटाला लगेच कळते. फॅमिकॉमच्या जपानी आवृत्तीत कोनामीनं स्वतःची खास चिप घातली होती, तिच्यामुळं माडाची झाडं हलतात आणि बर्फाच्या टप्प्यात बर्फ पडतो. अमेरिकेतल्या आवृत्तीत ते नाही. दोघांनी खांद्याला खांदा लावून खेळायचा खेळ म्हणून माझं मत स्पष्ट आहे : घरचा काँट्रा पार्लरच्या काँट्राहून चांगला खेळ आहे. संग्रह मिळवून कोणीही स्वतः ताडून पाहावं.

तीस जिवांची ती कळ, वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, ती मुळात काँट्राची नाही. 'ग्रेडियस' हा पार्लरचा खेळ (१९८५) १९८६ मध्ये फॅमिकॉमसाठी करताना काझुहिसा हाशिमोतो यांना तपासणीत तो पार करणं फार अवघड जात होतं, म्हणून त्यांनी ती घातली आणि ती तशीच विक्रीला गेली. पार्लरमध्ये अशी कळ कोणी ठेवणार नाही, तिथं खेळाडू लवकर मेला तरच दुसरं नाणं पडतं. घरी नाण्याचा धाक संपला आणि खेळ शेवटपर्यंत बघता आला. काँट्राचा शेवट पाहिलेली पोरं आमच्या गल्लीत ढीगभर होती. पार्लरमधल्या खेळाचा शेवट पाहिलेला एखादाच असायचा आणि त्याच्यामागं गर्दी उभी राहायची.

६ ऑक्टोबर

तालमीत येणाऱ्या चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न : "मुस्तफा हाय का?"

'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स', कॅपकॉम, १९९३. आपल्याकडच्या पार्लरांत त्याला मूळ नावानं कोणी हाक मारली नाही. पिवळ्या टोपीतल्या मुस्तफाचं नाव अख्ख्या खेळाला पडलं. आणि या खेळाची घरची आवृत्ती निघालीच नाही. सेगा सीडीवर त्या नावाचा गाडी हाकायचा खेळ आला, पण तो वेगळाच. कॅपकॉमनं २०१८ मध्ये असल्या मारामारीच्या खेळांचा संग्रह काढला, त्यातही हा नाही.

मूळ बोर्डाची आणखी एक अडचण आहे. त्यावर बॅटरी आहे आणि ध्वनीच्या प्रोसेसरचा प्रोग्राम उलगडणारी किल्ली तिच्या जोरावर टिकते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड मुका होऊन बसतो. किल्ली परत भरायची रीत जाणकारांनी आता शोधून काढली आहे, पण त्यासाठी बोर्ड हातात हवा. पूर्वी पार्लर चालवलेल्या दोघा-तिघांकडं विचारून आलो. यंत्रं भंगारात गेली, लाकूड बंबात गेलं.

या खेळाची जोडी लागणार नाही, तरी जागा ठेवणार आहे. डावीकडं मोकळं कॅबिनेट, उजवीकडं बंद टीव्ही, मध्ये पाटी. एखादा खेळ घरासाठी पुन्हा लिहिला गेला नाही तर पार्लरं बंद होताना तो लोकांच्या हातून कसा जातो, ते या रिकाम्या जागेइतकं दुसऱ्या कशानं कळणार नाही. पॅक-मॅन माझ्या आजीलाही माहीत होता, तो कॅसेटींमुळं.

२० ऑक्टोबर

तालमीतल्या पोरांना बोलावून चाचणी घेतली. दहा-बारा वर्षांची, सगळी मोबाइलवर खेळणारी.

पाट्या कोणी वाचल्या नाहीत, पण खेळून झाल्यावर प्रश्न नेमके पाटीवरचेच आले. एकानं अटारीच्या भुताकडं बोट दाखवून विचारलं, "ही भुतं अशी का थरथरत्यात?" त्याला एकेक फ्रेम पुढं नेऊन दाखवलं. चारही भुतं कधीच एकत्र नाहीत हे बघून त्यानं सगळ्यांना गोळा केलं आणि मग स्वतःच समजावून सांगायला लागला. त्याचं सांगणं माझ्या पाटीहून सोपं होतं, म्हणून पाटी त्याच्या शब्दांत बदलून घेतली.

५० आणि ६० चा स्विच सगळ्यांत जास्त वापरला गेला. लहान पोरांना ६० आवडला. त्यांना न्यायला आलेले वडील ५० वर बसले आणि उठेनात. त्यातल्या एकानं संगीत सुरू झाल्याबरोबर सांगितलं, "हे बरोबर हाय. ते मगाचं पळतंय." क्रिस्टलबद्दल त्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

चार दिशांची चौकट घट्ट वाटते अशी तक्रार दोघांनी केली. कोपऱ्यांना ग्रीस लावलं, ठीक झालं.

२७ ऑक्टोबर

मांडणी पूर्ण. भिंतीकडून क्रम : स्पेस इन्व्हेडर्स, पॅक-मॅन (पार्लर, अटारी, फॅमिकॉम असे तिन्ही), डाँकी काँग, काँट्रा, मुस्तफाची जागा. सगळ्या यंत्रांना एक इन्व्हर्टर पुरतोय, ट्यूबला मात्र वेगळा स्टॅबिलायझर दिला. लक्ष्मीपुरीच्या काकांनी येऊन कन्व्हर्जन्स (ट्यूबवरच्या तिन्ही रंगांचा मेळ) पुन्हा जुळवून दिला आणि ५० वर डाँकी काँगचे दोन पडदे पार केले.

पाट्यांची शेवटची तपासणी झाली. वर्षं, आकडे, माणसांची नावं पुन्हा ताडून घेतली. प्रत्येक पाटीवर आता घरची आवृत्ती लिहिणाऱ्याचं नाव, जिथं ठाऊक आहे तिथं, खेळाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात आहे. अटारीच्या काळात कंपनी ही नावं डब्यावर छापत नसे. आमच्या हॉलमध्ये ती दारातून दिसतात.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेला सकाळी दहाला उघडायचं. तोवर राहिलेलं काम : कंट्रोलरच्या दोन वायरी लांबवायच्या, काँट्राच्या पाटीत ग्रेडियसची ओळ घालायची, आणि उद्यमनगरातून चौकटीचा एक जादा नग आणून ठेवायचा.